रोम आणि दक्षिण इटलीतील ग्रीक नगरे : करारांचा एक इतिहासपाठ

प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांत रोमचा इतिहास शिकविताना बहुधा लढायांची मालिका सांगितली जाते. एका नगराचे राज्य झाले, राज्याचे साम्राज्य झाले, आणि हे सर्व तलवारीच्या बळावर झाले, अशी विद्यार्थ्यांची समजूत होते. ही समजूत खोटी नाही. पण ती अपुरी आहे. इटलीतील कित्येक नगरे रोमशी लढाईने नव्हे, तर कराराने बांधली गेली. काहींनी तर स्वतः होऊन रोमचे सैन्य आपल्या वेशीच्या आत बोलाविले. बलाढ्य होत चाललेल्या शेजाऱ्याशी लहान राज्याने कसे वागावे, संरक्षण मागताना कोणती किंमत द्यावी लागते, आणि दिलेला शब्द मोडला म्हणजे काय होते, हे प्रश्न दक्षिण इटलीतील ग्रीक नगरांच्या इतिहासातून मुलांना चांगले उमगतात. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाची माहिती आणि शेवटी तिच्या अध्यापनाविषयी काही सूचना दिल्या आहेत.

१. भूमी आणि नगरे

नकाशावर इटली देश गुडघ्यापर्यंतच्या बुटासारखा दिसतो. या बुटाचा तळवा, टाच आणि पुढचा चवडा जेथे आहे, त्या किनाऱ्यावर इ. स. पूर्व आठव्या शतकापासून ग्रीक लोकांनी वसाहती केल्या. ग्रीस देशात शेतीची जमीन थोडी व समुद्र जवळ, यामुळे एकेका नगरातून माणसांचे तांडे निघत आणि परक्या किनाऱ्यावर नवे नगर वसवीत. बुटाच्या टाचेच्या आतल्या अंगाला, उत्तम नैसर्गिक बंदराच्या काठी, स्पार्टातून आलेल्या लोकांनी तारास हे नगर वसविले. रोमन लोक त्याला टॅरेंटम म्हणत. चवड्याच्या टोकावर रेगियम, पश्चिम किनाऱ्यावर क्यूमी व नेआपोलिस, आणि समोरच्या सिसिली बेटावर सिराक्यूज, अशी ही नगरे पसरली होती. ‘नेआपोलिस’ याचा अर्थ नवे नगर. आजचे नेपल्स ते हेच.

ही नगरे संपन्न होती. टॅरेंटमची लोकर आणि शंखांपासून काढलेला जांभळा रंग दूरवर प्रसिद्ध होता. तेथील आर्किटस हा गणितज्ञ तत्त्वज्ञ प्लेटोचा मित्र होता, आणि नागरिकांनी त्याला सात वेळा सेनापती म्हणून निवडून दिले होते. नाट्यगृहे, देवालये आणि व्यायामशाळा प्रत्येक नगरात होत्या. या साऱ्या प्रदेशाला पुढे ‘मॅग्ना ग्रीशिया’, म्हणजे ‘थोर ग्रीस’, असे नाव पडले.

परंतु या संपन्नतेत एक मोठे न्यून होते. ही नगरे भाषेने आणि देवधर्माने एक असली, तरी राजकारणात एक नव्हती. इ. स. पूर्व ५१० मध्ये क्रोटन या ग्रीक नगराने शेजारच्या सिबारिस या ग्रीक नगराचा विध्वंस केला. समुद्रकाठची नगरे अशी आपसांत झुंजत असताना डोंगराळ मुलखातील सॅम्नाइट, लुकानियन आणि ब्रुटियन या काटक लोकांचा जोर वाढत गेला. इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात क्यूमी त्यांच्या हाती पडले. शेजारच्या भावाशी पटत नाही आणि डोंगरातील शत्रूला तोंड देता येत नाही, अशा स्थितीत ही नगरे बाहेरचा रक्षणकर्ता शोधू लागली.

२. नेआपोलिसचा तह

याच सुमारास मध्य इटलीतील टायबर नदीच्या काठी रोमचे सामर्थ्य वाढत होते. सॅम्नाइट लोक रोमचेही प्रतिस्पर्धी होते. इ. स. पूर्व ३२७ मध्ये नेआपोलिसशी रोमचे वैर जडले. नगराच्या रक्षणासाठी सॅम्नाइट व नोला येथील सैनिक आत आले, आणि रोमचा कॉन्सल पब्लिलियस फिलो याने नगराला वेढा घातला. वर्षाअखेरीस त्याची मुदत संपली, तेव्हा सेनेटने त्याचा अधिकार वाढवून दिला. रोमच्या राज्यकारभारात असे प्रथमच घडले. पुढे दूरदूरच्या प्रांतांवर अधिकारी नेमण्याची जी पद्धत रूढ झाली, तिचे मूळ या वेढ्यात आहे.

वेढ्याच्या काळात नगरवासीयांना एक कटू अनुभव आला. रक्षणासाठी बोलाविलेले सैनिकच त्यांच्यावर जुलूम करू लागले. तेव्हा कॅरिलॉस व निम्फियस या दोन प्रमुख नागरिकांनी रोमशी संधान बांधले. एकाने कॉन्सलची भेट घेतली; दुसऱ्याने रोमच्या किनाऱ्यावर छापा घालण्याचे निमित्त करून सॅम्नाइटांना जहाजांकडे, नगराबाहेर नेले. रोमन सैन्य आत आले आणि इ. स. पूर्व ३२६ मध्ये तह झाला.

हा तह नेआपोलिसला फार अनुकूल होता. नगराचे कायदे, भाषा, अधिकारी आणि उत्सव पूर्ववत राहिले. नगराने रोमला मुख्यतः आरमारी साहाय्य द्यावे, असे ठरले. परराष्ट्रांशी आपल्या मनाने युद्ध किंवा मैत्री करण्याचे स्वातंत्र्य मात्र गेले. रोमच्या धोरणाचा हा नमुनाच होता. इटलीतील मित्रराज्यांकडून रोम सामान्यतः वार्षिक खंडणी घेत नसे. माणसे किंवा जहाजे घेई. घरचा कारभार ज्याचा त्याने पाहावा, पण युद्ध व तह हे रोमच्या इच्छेप्रमाणे व्हावेत, असा त्याचा अर्थ होता.

३. टॅरेंटमचा मार्ग

टॅरेंटमने वेगळा मार्ग धरला. त्याच्यापाशी या भागातील सर्वांत मोठे ग्रीक आरमार होते आणि मोठेपणाचा अभिमानही होता. डोंगरी लोकांशी लढण्यासाठी त्याने ग्रीसमधून एकामागून एक राजे व सेनापती बोलाविले. स्पार्टाचा राजा आर्किडेमस इ. स. पूर्व ३३८ मध्ये इटलीत लढताना मारला गेला. त्याच्यानंतर आलेला एपायरसचा राजा अलेक्झांडर (जगज्जेत्या अलेक्झांडरचा मामा) हाही इटलीतच मारला गेला. या राजाचे तर पुढे टॅरेंटमशीच बिनसले होते. पाहुणा सेनापती यजमानाचे काम संपवून मुकाट्याने परत जातो, असे सहसा घडत नसे.

इ. स. पूर्व २८२ मध्ये थुरी या ग्रीक नगरावर लुकानियन लोकांनी चाल केली. थुरीने मदत मागितली ती टॅरेंटमकडे नव्हे, तर रोमकडे. कॉन्सल फॅब्रिशियस याने नगराची मुक्तता केली आणि तेथे रोमन शिबंदी बसली. टॅरेंटमला हे सहन होण्याजोगे नव्हते. ग्रीक नगरांचे पुढारीपण त्याच्या हातून निसटत होते. त्यातच दहा रोमन जहाजे टॅरेंटमच्या आखातात शिरली. रोमन जहाजांनी लॅसिनियम भूशिराच्या पुढे येऊ नये, असा जुना करार असल्याचे टॅरेंटमचे म्हणणे होते. नागरिकांनी जहाजांवर हल्ला करून चार बुडविली व एक पकडले. नंतर थुरीवर चालून जाऊन तेथील रोमन शिबंदी हाकलून लावली.

रोमने लगेच युद्ध पुकारले नाही. पोस्टुमियस नावाचा वकील भरपाई मागण्यास पाठविला. नाट्यगृहात जमलेल्या सभेपुढे तो ग्रीक भाषेत बोलू लागला, तेव्हा त्याच्या उच्चारांची टर उडविण्यात आली. एकाने तर त्याचे वस्त्र घाण करून त्याचा अपमान केला. हे वस्त्र रक्ताने धुऊन निघेल, अशा अर्थाचे उत्तर देऊन वकील परत गेला, असे सांगतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. हा वृत्तान्त ज्यांनी लिहिला ते लेखक पुष्कळ नंतरचे असून त्यांचा ओढा रोमकडे आहे. टॅरेंटमच्या नागरिकाने स्वतः लिहिलेली हकीकत आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही. अपमानाची कथा जितकी रंगते, तितका जुन्या कराराचा मुद्दा मागे पडतो. जेत्यांच्या बाजूने लिहिलेला इतिहास वाचताना ही सावधगिरी आवश्यक असते.

टॅरेंटमने आता एपायरसचा राजा पिऱ्हस यास पाचारण केले. इ. स. पूर्व २८० मध्ये तो सुमारे पंचवीस हजार सैनिक आणि वीस हत्ती घेऊन इटलीत उतरला. रोमन सैनिकांनी हत्ती पूर्वी पाहिले नव्हते. ग्रीक राजांच्या सैन्यांत हत्तींचे महत्त्व वाढले, त्याला भारताशी झालेला संबंध कारणीभूत होता. चंद्रगुप्त मौर्याने सेल्युकसला पाचशे हत्ती दिले होते, आणि इ. स. पूर्व ३०१ मधील इप्ससच्या लढाईत सेल्युकसच्या हत्तींनी निर्णायक कामगिरी बजाविली. त्या लढाईत तरुण पिऱ्हस विरुद्ध पक्षाकडून लढला होता. हत्ती युद्धात काय करू शकतात, हे त्याने तेथे पाहिले होते.

टॅरेंटममध्ये आल्यावर पिऱ्हसने प्रथम काय केले? त्याने नाट्यगृहे व व्यायामशाळा बंद केल्या, मेजवान्या थांबविल्या आणि नागरिकांना सक्तीने कवायतीस लाविले. ज्यांनी त्याला बोलाविले होते, त्यांतील कित्येक जण नगर सोडून गेले. रक्षणकर्त्याला बोलाविणे सोपे असते; तो आल्यावर घराचा धनी कोण, हा प्रश्न उभा राहतो.

पिऱ्हसने हेराक्लिआ येथे इ. स. पूर्व २८० मध्ये आणि आस्कुलम येथे २७९ मध्ये रोमनांचा पराभव केला. परंतु या विजयांत त्याची माणसे इतकी कामास आली, की असा आणखी एक विजय मिळाला तर आपला सर्वनाश होईल, असे उद्गार त्याने काढल्याचे प्रसिद्ध आहे. त्याचा वकील सिनिअस तहाचे बोलणे करण्यास रोमला गेला, तेव्हा ॲपियस क्लॉडियस या वृद्ध, अंध सेनेटरने, पिऱ्हस इटलीच्या भूमीवर असेपर्यंत तहाची भाषा नको, असा आग्रह धरला व सेनेटने तो मान्य केला. पुढे पिऱ्हस सिसिलीत गेला, परत आला, इ. स. पूर्व २७५ मध्ये बेनेव्हेंटमजवळ लढला आणि अखेर निघून गेला. मायदेशी परतताना त्याच्यापाशी साडेआठ हजारच सैनिक उरले होते. इ. स. पूर्व २७२ मध्ये तो ग्रीसमधील आर्गॉस येथे मारला गेला. त्याच वर्षी टॅरेंटममध्ये त्याने मागे ठेविलेल्या शिबंदीच्या सरदाराने बालेकिल्ला रोमनांच्या स्वाधीन केला. नगराच्या भवितव्याचा निर्णय अशा रीतीने दोन परक्यांनी केला.

४. रेगियम आणि मेसाना : शब्दाची कसोटी

रोमचा शब्द तरी कितपत भरवशाचा होता? याचे उत्तर रेगियमच्या कथेत मिळते. पिऱ्हसच्या भीतीने रेगियमच्या नागरिकांनी रोमकडे शिबंदी मागितली. डेसियस नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली चार हजार कॅम्पेनियन सैनिक तेथे आले. नगराची संपत्ती पाहून त्यांना मोह पडला. रक्षणासाठी आलेल्या या सैनिकांनी नागरिकांतील काहींना ठार केले, काहींना हाकलून दिले आणि त्यांची घरेदारे व कुटुंबे बळकाविली.

पिऱ्हसशी युद्ध चालू असल्यामुळे रोमला तेव्हा काही करता आले नाही; पण ही गोष्ट रोम विसरला नाही. इ. स. पूर्व २७० मध्ये रोमन सैन्याने आपल्याच बंडखोर शिबंदीकडून रेगियम जिंकून घेतले. जिवंत सापडलेल्या तीनशेहून अधिक सैनिकांना रोमला नेऊन, भर चौकात फटके मारून त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. नगर आणि जमीन उरलेल्या नागरिकांना परत मिळाली. आपला शब्द खोटा ठरला तर कोणतेही नगर आपल्यावर विश्वास ठेवणार नाही, हे रोमने ओळखले होते.

परंतु सहा वर्षांनी याच रोमने निराळे वर्तन केले. सामुद्रधुनीच्या पलीकडे मेसाना या नगरात मॅमर्टाइन नावाच्या भाडोत्री सैनिकांनी रेगियमप्रमाणेच मूळ नागरिकांची हत्या करून नगर बळकाविले होते. इ. स. पूर्व २६४ मध्ये त्यांनी रोमकडे मदत मागितली आणि रोमने ती दिली. कारण मेसाना कार्थेजच्या हाती जाणे रोमला नको होते. ज्या अपराधासाठी स्वतःच्या सैनिकांना देहान्त शिक्षा दिली, तोच अपराध करणाऱ्यांना रोमने मित्र मानले. ही विसंगती प्राचीन इतिहासकार पॉलिबियस याच्याही नजरेतून सुटली नाही. शब्द आणि स्वार्थ एकाच दिशेने जात होते, तोवर रोमचा शब्द पक्का होता. त्यांची ताटातूट होताच काय घडले, हे मेसानाने दाखविले.

सिसिलीत सैन्य उतरविण्यास रोमपाशी पुरेशी जहाजे नव्हती. ती टॅरेंटम, लोक्री, एलिआ आणि नेआपोलिस या ग्रीक नगरांनी पुरविली. समुद्रापलीकडे रोमने टाकलेले पहिले पाऊल अशा प्रकारे ग्रीक जहाजांतून पडले. पुढच्याच वर्षी सिराक्यूजचा राजा हायरो याने रोमशी तह केला आणि आपल्या मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धशतक, तो पाळला.

५. हॅनिबलच्या काळातील परीक्षा

कार्थेजचा सेनापती हॅनिबल इ. स. पूर्व २१८ मध्ये आल्प्स पर्वत ओलांडून इटलीत उतरला आणि त्याने रोमचे लागोपाठ पराभव केले. तेव्हा प्रत्येक मित्रनगरापुढे प्रश्न उभा राहिला : बुडत्या रोमला धरून राहावे, की नव्या जेत्याचा पक्ष घ्यावा?

नेआपोलिसने शब्द पाळला. रोम अडचणीत असताना त्याच्या वकिलांनी चाळीस सोन्याची पात्रे सेनेटपुढे आणून ठेविली. सेनेटने आभार मानून त्यांतील सर्वांत हलके पात्र तेवढे स्वीकारले. हॅनिबलला हे बंदर कधीच मिळाले नाही.

टॅरेंटमचे तसे झाले नाही. तेथील काही ओलीस रोममध्ये होते. ते पळून जाताना सापडले, तेव्हा रोमने त्यांना कड्यावरून लोटून ठार केले. या क्रौर्याने नगरात संताप उसळला. इ. स. पूर्व २१२ मध्ये काही तरुणांनी शिकारीच्या मिषाने रात्री दरवाजा उघडवून हॅनिबलला आत घेतले. बालेकिल्ला मात्र रोमनांकडेच राहिला. तीन वर्षांनी फेबियस मॅक्सिमसने नगर परत घेतले. त्या वेळी तीस हजार लोक गुलाम म्हणून विकले गेल्याचे रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. सिराक्यूजची गतही अशीच झाली. हायरोच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसाने कार्थेजचा पक्ष धरला. मार्सेलसने नगराला वेढा घातला. थोर गणितज्ञ आर्किमिडीज याच्या यंत्रांनी तो दीर्घकाळ थोपवून धरला, पण इ. स. पूर्व २१२ मध्ये नगर पडले आणि आर्किमिडीज एका सैनिकाच्या हातून मारला गेला.

६. पुढे काय झाले?

ग्रीक नगरांची सत्ता गेली. पण त्यांची विद्या रोममध्ये गेली. इ. स. पूर्व २४० मध्ये रोममध्ये ग्रीक धर्तीचे नाटक लॅटिन भाषेत प्रथम सादर करणारा लिव्हियस अँड्रोनिकस हा ग्रीक होता, आणि परंपरेनुसार तो टॅरेंटमचा. ‘ओडिसी’ हे ग्रीक महाकाव्य लॅटिनमध्ये आणणाराही तोच. ज्यांच्या ग्रीक उच्चारांना टॅरेंटमची सभा हसली होती, त्यांच्याच मुलांना पुढे ग्रीक शिक्षक शिकवू लागले.

नेआपोलिसचा तह जवळजवळ अडीचशे वर्षे टिकला. इ. स. पूर्व ९० च्या सुमारास रोमने मित्रराज्यांना आपले नागरिकत्व देऊ केले, तेव्हा नेआपोलिस आणि हेराक्लिआ येथील पुष्कळ लोकांना ते घेण्यापेक्षा आपला जुना करारच बरा वाटत होता. यावरून त्या कराराचे मोल कळते. तथापि इ. स. पूर्व ८२ मध्ये रोमच्या यादवीत सुलाच्या पक्षाने नेआपोलिसमध्ये शिरून नागरिकांची कत्तल केली आणि नगराची जहाजे काढून घेतली. निष्ठेने शब्द पाळणारे नगर दीर्घकाळ सुखी राहिले, हे खरे. पण त्याचे सुख अखेर दुसऱ्याच्या घरातील शांततेवर अवलंबून होते, हेही तितकेच खरे.

७. अध्यापनाविषयी सूचना

हा विषय दोन तासिकांत विभागणे सोयीचे होईल. पहिल्या तासिकेत शिक्षकांनी फळ्यावर इटलीची बाह्याकृती काढून रोम, नेआपोलिस, टॅरेंटम, थुरी, रेगियम, मेसाना व सिराक्यूज ही सात स्थाने विद्यार्थ्यांकडून भरून घ्यावीत. डोंगर कोठे, बंदरे कोठे, सामुद्रधुनी कोठे, हे कळल्यावाचून पुढील घटनांची कारणे समजणार नाहीत. दुसऱ्या तासिकेत वर्गाचे दोन गट करून टॅरेंटमची सभा भरवावी. एका गटाने रोमशी तह करावा असे, व दुसऱ्याने पिऱ्हसला बोलवावे असे प्रतिपादन करावे. निकाल आधीच सांगू नये. त्या वेळच्या नागरिकांना पुढचे काही माहीत नव्हते, हे मुलांनी अनुभवावे.

टॅरेंटम मूर्ख व नेआपोलिस शहाणे, असा सोपा निष्कर्ष मुलांच्या तोंडी घालण्याचे टाळावे. टॅरेंटमला स्वातंत्र्य प्रिय होते आणि त्याच्या तक्रारीत तथ्य होते. त्याची चूक एवढीच, की शेजारच्या नगरांशी एकोपा करण्याऐवजी त्याने प्रत्येक वेळी दूरचा राजा शोधला. ही सारी नगरे एकत्र उभी राहिली असती तर काय झाले असते, यावर विद्यार्थ्यांना स्वतः विचार करू द्यावा.

प्रश्न

१. दक्षिण इटलीतील ग्रीक नगरांना बाहेरची मदत का घ्यावी लागली?

२. इ. स. पूर्व ३२६ च्या तहाने नेआपोलिसने काय राखले व काय गमावले?

३. टॅरेंटमचे रोमविरुद्धचे म्हणणे त्या नगराच्या नागरिकाच्या भूमिकेतून पाच-सहा वाक्यांत लिहा.

४. रेगियम व मेसाना येथील रोमच्या वर्तनात कोणता फरक दिसतो? त्याचे कारण काय?

५. पिऱ्हस विजयी होऊनही अयशस्वी ठरला, असे का म्हणतात?

६. नेआपोलिसने शब्द पाळला, तरी त्याचे हित पूर्णपणे त्याच्या हाती का नव्हते?